विद्यापीठभर ऑपरेटिंग सिस्टिम आणि संगणक बदलण्याचे नियोजन

विद्यापीठाने ऑपरेटिंग सिस्टिम बदलायचे ठरवले की पहिल्याच बैठकीत गाडी ‘किती नवे संगणक घ्यायचे’ यावर येते. त्या वेळी त्याचे उत्तर कोणाकडेच नसते, कारण त्याआधीचा प्रश्न कोणी विचारलेला नसतो: कोणत्या संगणकावर कोण, काय काम करते? यंत्र दोन तासांत बदलून होते. परीक्षा विभागाची गुणपत्रके छापणारी जुनी प्रणाली, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या उपकरणाला जोडलेला संगणक, संशोधक विद्यार्थ्याने चार वर्षे जमवलेला डेटा, हे सगळे नव्या यंत्रावर बिनचूक चालेल याची खात्री करायला मात्र महिने जातात. वेळापत्रक त्या महिन्यांचे आखायचे असते.

हिशेबासाठी पुढे तीन हजार संगणकांचे विद्यापीठ धरले आहे: १,२०० प्रयोगशाळांत आणि वर्गांत, १,१०० कार्यालयांत, ६०० अध्यापक-संशोधकांकडे आणि १०० उपकरणांना जोडलेले.

तारखा आधी मांडा

दोन कॅलेंडरे शेजारीशेजारी ठेवा. एक सपोर्ट, म्हणजे उत्पादकाकडून मिळणारी अपडेट, संपण्याच्या तारखांचे, दुसरे शैक्षणिक वर्षाचे.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. संस्थांना वेगळे पैसे भरून सुरक्षा अपडेट आणखी तीन वर्षे, म्हणजे ऑक्टोबर २०२८ पर्यंत घेता येतात. शिक्षणसंस्थांना हा दर बराच कमी पडतो, पण तो दर वर्षी दुप्पट होतो. ही सवलत फक्त अपवादांच्या यादीसाठी वापरा. सरसकट सगळ्या यंत्रांना ती लावली की कामाचा नेट जातो आणि दोन वर्षांनी तोच ढीग, त्याहून जुन्या यंत्रांसह, पुन्हा समोर येतो. विंडोज ११ च्या प्रत्येक वार्षिक आवृत्तीला एज्युकेशन आणि एंटरप्राइज प्रकारात ३६ महिने, तर प्रो प्रकारात २४ महिने सपोर्ट मिळतो. नवे संगणक बहुतेक वेळा प्रो घेऊन येतात. ते व्हॉल्यूम (संस्थेच्या एकगठ्ठा) लायसन्सने एज्युकेशनवर नेले नाहीत, तर एक वर्ष हातचे जाते.

बाकीच्या तारखाही याच पानावर हव्यात. लिनक्सपैकी सेंटओएस ७ चे आयुष्य ३० जून २०२४ ला संपले. उबुंटू २०.०४ चा नियमित सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला आणि २२.०४ चा एप्रिल २०२७ मध्ये संपतो. इंटेल प्रोसेसरच्या अ‍ॅपल मॅकवर चालणारी मॅकओएसची शेवटची आवृत्ती २६, म्हणजे ‘टाहो’. सिक्युअर बूट, म्हणजे स्वाक्षरी असलेली सिस्टिमच सुरू होऊ देणारी सोय, यासाठीची मायक्रोसॉफ्टची २०११ सालची प्रमाणपत्रे जून २०२६ पासून मुदतबाह्य होऊ लागतात, म्हणून ज्या संगणकांचे फर्मवेअर (मदरबोर्डमधले मूळ सॉफ्टवेअर) वर्षानुवर्षे अपडेट केलेले नाही ते वेगळ्या रंगाने दाखवा.

दुसऱ्या कॅलेंडरवर हात लावायला मनाई असलेले दिवस काळे करा: लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा, निकालाचे आठवडे, प्रवेशप्रक्रिया, वर्षअखेरचे हिशेब, प्रबंध सादर करण्याची शेवटची तारीख. उरतात ते पांढरे चौकोन अपेक्षेपेक्षा फार कमी असतात. प्रयोगशाळा मोठ्या सुट्टीत करायच्या, कार्यालये सत्र चालू असताना थोडी थोडी. सुट्टीत तंत्रज्ञही रजेवर जातात, हे विसरून केलेले वेळापत्रक पहिल्याच आठवड्यात कोसळते.

मोजणी: यादी चार ठिकाणांहून जुळवा

एकाच नोंदीवर विसंबू नका. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये असलेले संगणक जागेवर नसतात आणि जागेवर असलेले रजिस्टरमध्ये नसतात, विशेषतः संशोधन अनुदानातून घेतलेले. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतली (विंडोजच्या मध्यवर्ती खातेवहीतली) संगणकांची खाती, डीएचसीपीच्या (नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरच्या) नोंदी, अँटिव्हायरसचा कन्सोल आणि खरेदी-नोंद या चार याद्या सीरियल क्रमांक आणि नेटवर्क कार्डचा क्रमांक, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस यांवर जुळवा. ९० दिवसांत एकदाही लॉगिन न झालेली खाती बाजूला काढा. पण ती लगेच पुसू नका, कारण वर्षातून एकदाच प्रात्यक्षिकासाठी सुरू होणारे संगणक त्यांतच असतात. जे यंत्र नेटवर्कवर दिसते पण कोणत्याही यादीत नाही, तिथे माणूस पाठवायचा. स्विचच्या कोणत्या पोर्टवर त्याचा मॅक अ‍ॅड्रेस दिसतो त्यावरून खोली सापडते.

प्रत्येक ओळीत एवढे हवेच: सीरियल क्रमांक, मॉडेल, प्रोसेसर, रॅम, डिस्कचा प्रकार व रिकामी जागा, टीपीएमची (गुप्त की सांभाळणाऱ्या सुरक्षा चिपची) आवृत्ती आणि तो चालू आहे की बंद, बूट पद्धत नवी युईएफआय की जुनी लेगसी, खोली, जबाबदार व्यक्ती, जोडलेली उपकरणे, वॉरंटीची तारीख आणि ‘या संगणकावर काय काम चालते’ याचे एका वाक्यातले उत्तर. पहिले सगळे स्क्रिप्टने गोळा होते. शेवटचे उत्तर विचारावेच लागते, आणि त्याच एका रकान्यावर पुढचे सगळे उभे राहते. विभागप्रमुखाला पत्र पाठवून ते भरून येत नाही. विभागातला प्रयोगशाळा सहायक किंवा मुख्य लिपिक यांच्यासोबत खोलीखोलीत फिरा. दिवसाला साधारण साठ-सत्तर संगणक नोंदवून होतात.

कोणते यंत्र कोणत्या गटात

विंडोज ११ साठी ६४ बिटचा दोन किंवा अधिक कोअरचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क, युईएफआय आणि सिक्युअर बूटची सोय, टीपीएम २.० आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. ढोबळमानाने इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडी रायझेन २००० पासून पुढे. कागदावरची ४ जीबी रॅम विसरा. ब्राउझरमध्ये दहा टॅब, ऑफिस आणि व्हिडिओ बैठक एकत्र चालवायची तर ८ जीबी हा तळ आणि १६ जीबी खरेदीचे प्रमाण.

पहिला गट: आहे तसे अपग्रेड होणारे. दुसरा: किरकोळ दुरुस्तीने होणारे. तिसरा: बदलायचेच. चौथा: उपकरणांचे संगणक, ज्यांना स्वतंत्र निर्णय लागतो.

दुसऱ्या गटात जितके जास्त संगणक आणाल तितकी खरेदी कमी होते, म्हणून तो नीट तपासा. टीपीएम नाही असे दाखवणाऱ्या कित्येक संगणकांत तो फर्मवेअरमध्ये फक्त बंद असतो. इंटेलवर त्याचे नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. काही मॉडेल्समध्ये टीपीएम १.२ वरून २.० वर नेणारे फर्मवेअर उत्पादकाकडून मिळते. लेगसी बूटवर चालणारी डिस्क एमबीआरटूजीपीटी या विंडोजमधल्याच साधनाने डेटा न पुसता युईएफआयला लागणाऱ्या मांडणीत बदलता येते. अट अशी की डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्राथमिक पार्टिशन नसावीत आणि एक्स्टेंडेड पार्टिशन अजिबात नसावे. त्यामुळे आधी व्हॅलिडेट पर्यायाने चाचणी घ्या, मग रूपांतर करा आणि लगेच फर्मवेअरमध्ये बूट पद्धत युईएफआयवर न्या. हा शेवटचा टप्पा राहिला तर संगणक सुरूच होत नाही, आणि बिघाड डिस्कचा आहे असे वाटून तास वाया जातो.

फिरत्या हार्डडिस्कवर विंडोज ११ चालते, पण वापरणारा रोज तुमच्या नावाने बोटे मोडतो. प्रोसेसर यादीत बसत असेल तर २५६ जीबीची एसएसडी आणि ८ जीबीची रॅमची पट्टी यांवर तो संगणक आणखी तीन वर्षे चालतो. पट्टी घेण्याआधी किती स्लॉट रिकामे आहेत, डीडीआर३ की डीडीआर४, पूर्ण लांबीची की लॅपटॉपसारखी छोटी, हे मॉडेलनुसार पाहा. छोट्या आकाराच्या डेस्कटॉपमध्ये बहुधा छोटी लागते.

यादीबाहेरच्या प्रोसेसरवर रजिस्ट्रीत बदल करून विंडोज ११ बसवता येते, हे कोणीतरी बैठकीत सांगतेच. घरच्या एखाद्या संगणकावर तो प्रयोग ठीक. संस्थेत करू नका. अशा यंत्रांना अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि २४एच२, म्हणजे २०२४ च्या उत्तरार्धातल्या आवृत्तीपासून एसएसई ४.२ व पॉपकाउंट या अंगभूत सूचना नसलेल्या प्रोसेसरवर सिस्टिम बूटच होत नाही. चारशे यंत्रे एका वार्षिक अपडेटवर अडकली तर ती परीक्षेच्या तोंडावर बदलावी लागतील.

उपकरणांचे संगणक

संख्येने सर्वांत कमी, पण सगळ्यात जास्त वेळ यांनाच द्या. स्पेक्ट्रोमीटर, सूक्ष्मदर्शक, एक्स-रे डिफ्रॅक्टोमीटर, क्रोमॅटोग्राफ यांचा संगणक म्हणजे उपकरणाचाच एक भाग असतो. उपकरण पंधरा-वीस वर्षे चालते, संगणक आणि त्याची सिस्टिम त्याच्या निम्मेही नाही.

अडतात त्या गोष्टी ठरलेल्या आहेत. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही, त्यामुळे ३२ बिट ड्रायव्हर आणि १६ बिट प्रोग्रॅम तिथेच थांबतात. नेहमीचे ३२ बिट सॉफ्टवेअर चालते, पण त्याच्या कार्डचा ड्रायव्हर ६४ बिट हवा. स्वाक्षरी नसलेले ड्रायव्हर नाकारले जातात, आणि मेमरी इंटिग्रिटी (विंडोजची ड्रायव्हर तपासणारी सुरक्षा) चालू असली तर स्वाक्षरी असलेले काही जुने ड्रायव्हरही लोड होत नाहीत. जुने पीसीआय कार्ड नव्या मदरबोर्डवर बसायला जागाच नसते. आरएस-२३२ सीरियल पोर्टसाठी यूएसबी अडॅप्टर मिळतो, पण वेळेबाबत काटेकोर असलेली उपकरणे त्यावर मध्येच संपर्क तोडतात. तिथे पीसीआय एक्स्प्रेसचे सीरियल कार्ड घ्या.

उत्पादकाकडून लेखी उत्तर घ्या: या मॉडेलसाठी विंडोज ११ वर चालणारी सॉफ्टवेअर आवृत्ती आहे का, त्यासाठी उपकरणाचे फर्मवेअर किंवा इंटरफेस कार्ड बदलावे लागते का, आणि बदलानंतर कॅलिब्रेशन पुन्हा करावे लागते का. कॅलिब्रेशनचा प्रश्न राहून जातो आणि मग संशोधकाचे आधीचे व नंतरचे आकडे जुळत नाहीत.

उत्तर ‘नाही’ आले तर संगणक आहे तसाच ठेवून त्याला वेगळा काढणे हाच मार्ग. वेगळा व्हीलॅन (नेटवर्कचा स्वतंत्र कप्पा), इंटरनेट बंद, ईमेल बंद, फायरवॉलवर फक्त एका फाइल सर्व्हरकडे जाणारा रस्ता उघडा, तोही शक्यतो एकाच दिशेने. पेनड्राइव्ह बंद करता येत नसेल तर आधी तपासणी-संगणकावर स्कॅन करून मगच लावायचा नियम करा. सर्वांत महत्त्वाचे, त्या डिस्कची संपूर्ण प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी प्रत, काढून दुसऱ्या तशाच डिस्कवर उतरवा आणि ती लावून उपकरण चालते का ते प्रत्यक्ष पाहा. न तपासलेली प्रतिमा म्हणजे प्रतिमा नाहीच. प्रत्येक अपवादाच्या कागदावर विभागप्रमुखाची सही आणि मुदत हवी, जास्तीत जास्त एक वर्ष, म्हणजे दर वर्षी तो प्रश्न पुन्हा टेबलावर येतो.

सॉफ्टवेअर आणि लायसन्स

सॉफ्टवेअरची यादी स्क्रिप्टने काढली तर हजारो नावे येतात. त्यांतून खेळणी, टूलबार आणि ड्रायव्हर वगळून तीनशे-साडेतीनशे उरतील. प्रत्येकासमोर मालक लिहा. ज्याला कोणीच मालक नाही ते नव्या प्रतिमेत, म्हणजे सगळ्या यंत्रांवर उतरवायच्या तयार सिस्टिममध्ये, जाणार नाही, हे महिनाभर आधी जाहीर करा. मालक मग आपोआप पुढे येतात.

एकाच यंत्राला बांधलेले लायसन्स जुनी डिस्क पुसण्याआधी डिअ‍ॅक्टिव्हेट करावे लागते. पुसल्यावर कळले तर विक्रेत्याची मनधरणी करत बसावे लागते. फ्लेक्सलम पद्धतीचे, नेटवर्कवरून लायसन्स वाटणारे सर्व्हर मॅक अ‍ॅड्रेसला बांधलेले असतात, तेव्हा सर्व्हर बदलण्याच्या दोन आठवडे आधी नवी फाइल मागवा. यूएसबी डोंगल (लायसन्सची चावी) कोणत्या खोलीत कोणत्या यंत्राच्या मागे आहे हे मोजणीतच टिपा. जुने संगणक ट्रॉलीवर चढवताना डोंगल सोबत गेल्याने हजारो रुपयांचे सॉफ्टवेअर भंगारात जाते.

विंडोज ११ मुळे हमखास अडखळणाऱ्या चार जागा आधीच तपासून घ्या.

वाय-फाय: २२एच२ पासून एंटरप्राइज आणि एज्युकेशन प्रकारात क्रेडेन्शियल गार्ड (लॉगिनची माहिती जपणारी सोय) आपोआप चालू होते. त्यामुळे विंडोजच्या लॉगिननेच एमएस-चॅप व्ही२ या जुन्या पासवर्ड-पद्धतीवर आपोआप जोडली जाणारी वाय-फाय जोडणी तुटते. विद्यापीठात एड्युरोम हे विद्यापीठांचे सामाईक वाय-फाय असेच चालत असेल तर अपग्रेडच्या दुसऱ्या दिवशी मदतकक्षासमोर रांग लागेल. टिकाऊ उपाय प्रमाणपत्रांवर आधारित ईएपी-टीएलएस. त्याची तयारी अपग्रेडच्या आधी पूर्ण करा.

जुने नॅस (नेटवर्कवरची साठवण) आणि स्कॅनर: २४एच२ मध्ये एसएमबी या फाइल-वाटपाच्या पद्धतीत स्वाक्षरी सक्तीची झाली आणि पाहुणा म्हणून पासवर्डशिवाय शिरणे बंद झाले. एसएमबी १ तर नव्या इन्स्टॉलेशनमध्ये नसतेच. स्कॅन करून थेट फोल्डरमध्ये टाकणारी जुनी झेरॉक्स-प्रिंटर यंत्रे इथे मुकाट्याने थांबतात.

स्क्रिप्ट: विंडोजमधली डब्ल्यूएमआयसी ही आज्ञा काढून टाकली जात आहे, व्हीबीस्क्रिप्ट ही जुनी स्क्रिप्ट-भाषा मावळतीला आहे. लॉगिन स्क्रिप्टमध्ये ही दोन नावे शोधा आणि पॉवरशेलमध्ये लिहून घ्या.

जुने फॉन्ट: युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेले ठराव, नियमावल्या, प्रश्नपत्रिका नव्या संगणकावर रोमन अक्षरांच्या ढिगासारख्या दिसतात. डेटा शाबूत असतो, फॉन्ट नसतो. जुन्या यंत्रांतून ते फॉन्ट व कीबोर्ड गोळा करून ठेवा, आणि फायली युनिकोडमध्ये नेण्याचे काम वेगळे हाती घ्या. अपग्रेडच्या घाईत ते होणार नाही.

खरेदी करताना

मॉडेल्सची संख्या कमीत कमी ठेवा: एक डेस्कटॉप, एक लॅपटॉप, ग्राफिक्सच्या कामासाठी एक वर्कस्टेशन. प्रत्येक नव्या मॉडेलमागे ड्रायव्हर, फर्मवेअर आणि चाचणी यांचा एक संच कायमचा सांभाळावा लागतो. मोठ्या ऑर्डरआधी त्याच मॉडेलची दोन नमुना यंत्रे मागवून तुमची प्रतिमा, तुमचे प्रोजेक्टर, तुमचे वाय-फाय यांवर दोन आठवडे चालवा. नव्या संगणकांना व्हीजीए पोर्ट नसते, जुन्या मॉनिटरांना आणि वर्गातल्या प्रोजेक्टरना तेवढेच असते. अडॅप्टर लागणार, आणि डिस्प्लेपोर्टकडून किंवा एचडीएमआयकडून व्हीजीएकडे जाणारा घ्यायचा. उलट दिशेचा दिसायला तसाच असतो पण चालत नाही. दर दहा अडॅप्टरमागे एक जास्त घ्या, ते हरवतात.

राखीव म्हणून दोन ते तीन टक्के संगणक ठेवा. दुरुस्तीला वेळ लागेल तेव्हा माणसाला लगेच दुसरे यंत्र देता आले पाहिजे.

ऑर्डरच्या अटींत हे लिहा: सीरियल क्रमांक व मॅक अ‍ॅड्रेसची यादी मालाआधी ईमेलने, ऑटोपायलट (नवे संगणक आपोआप मांडून देणारी मायक्रोसॉफ्टची सोय) वापरणार असाल तर नोंदणी विक्रेत्याकडूनच, एका ऑर्डरमधली सगळी यंत्रे एकाच मदरबोर्ड व नेटवर्क कार्डची, आणि माल टप्प्याटप्प्याने. आठशे खोकी एकदम उतरली तर ती ठेवायला कोरडी, कुलूपबंद जागा नसते, आणि वॉरंटीचा काळ खोक्यातच सुरू होतो.

जुने पण बरे संगणक खाली सरकवण्याची सवय सगळीकडे असते: नवा प्राध्यापकांना, त्यांचा जुना कार्यालयाला, कार्यालयाचा ग्रंथालयाला. यात एका खरेदीची तीन स्थलांतरे होतात आणि प्रत्येकाला तेवढाच वेळ लागतो. एकच उडी घ्या, दुसरी नाही. शक्य असेल तिथे दर वर्षी एकपंचमांश यंत्रे, म्हणजे आपल्या उदाहरणात ६००, बदलण्याची आर्थिक तरतूद करून घ्या.

प्रतिमा आणि नेटवर्कचा हिशेब

प्रयोगशाळांत नेहमी डिस्क पुसून नवे इन्स्टॉलेशन करा. कार्यालयात यंत्र धडधाकट असेल तर जागेवरच अपग्रेड चालते आणि वापरणाऱ्याची मांडणी तशीच राहते.

जाड प्रतिमा, ज्यात सगळे सॉफ्टवेअर आधीच भरलेले असते, पटकन उतरते पण महिन्याभरात शिळी होते. आमच्या मते मूळ सिस्टिम आणि ऑफिस एवढेच प्रतिमेत ठेवावे, बाकीचे कॉन्फिगरेशन मॅनेजर किंवा इंट्यूनसारख्या साधनाने नंतर ढकलावे. फक्त अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांसाठी, जिथे एकेक पॅकेज वीस जीबीचे असते, जाड प्रतिमा परवडते. विंडोज ११ च्या माध्यमातली बूट प्रतिमा घेऊन डब्ल्यूडीएस या विंडोज सर्व्हरच्या सोयीने थेट इन्स्टॉल करण्याची जुनी पद्धत आता चालत नाही, आणि एमडीटी हे मायक्रोसॉफ्टचे जुने साधन विंडोज ११ साठी अधिकृत नाही. या दोन्हींवर तुमची व्यवस्था उभी असेल तर पर्याय आधी बसवा. फॉग किंवा क्लोनझिला ही प्रतिमा उतरवणारी साधने छोट्या तुकडीला पुरतात.

सिसप्रेप हे यंत्राची स्वतंत्र ओळख पुसणारे साधन जनरलाइझ पर्यायासह चालवल्याशिवाय प्रतिमा काढू नका. तसे न केल्यास सगळ्या यंत्रांची केएमएस (संस्थेतल्या लायसन्स मान्य करणाऱ्या सर्व्हरकडची) ओळख एकच राहते, सर्व्हरवरची मोजणी एकवर अडकते आणि किमान २५ यंत्रांची अट पूर्ण न झाल्याने एकही यंत्र अ‍ॅक्टिव्हेट होत नाही. सिसप्रेप मध्येच फसला तर कारण बहुधा एकच: कोणा एका वापरकर्त्यासाठी स्टोअरमधले अ‍ॅप बसलेले किंवा अपडेट झालेले असते. संदर्भ यंत्र तयार होईपर्यंत इंटरनेटपासून दूर ठेवा.

आता गणित. ४० संगणकांची प्रयोगशाळा, २५ जीबीची प्रतिमा, एकूण १,००० जीबी. १ गिगाबिटची जोडणी प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ११० एमबी देते, म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्र प्रत पाठवली तर अडीच तास. त्या खोलीचा स्विच जुना असून वरची जोडणी १०० मेगाबिटची असेल तर तेच काम पंचवीस तासांचे होते. असे स्विच मोजणीतच हुडकून काढा आणि संगणकांआधी ते बदला. मल्टिकास्टने एकच प्रत सगळ्यांना जाते, पण सर्वांत हळू यंत्र सगळ्यांना मागे खेचते. नादुरुस्त केबलवालं एक यंत्र अख्खी खोली थांबवते.

प्रयोगशाळांत डीप फ्रीझसारखे, रीस्टार्टनंतर डिस्क पूर्ववत करणारे सॉफ्टवेअर असेल तर ते आधी उघडे करा. नाहीतर रात्रभर झालेले काम सकाळी नाहीसे झालेले दिसेल.

पायलट

पायलटला, म्हणजे आधी थोड्या यंत्रांवर घ्यायच्या चाचणीला, साठ-सत्तर संगणक पुरे, पण निवड सोपी करू नका. संगणक विभागातलीच यंत्रे घेतली तर काहीच कळत नाही. लेखा विभागातला एक, परीक्षा विभागातला एक, ग्रंथालयाचा बारकोडवाला, व्याख्यान रेकॉर्ड करणारा एक वर्ग, स्क्रीन रीडर वापरणारे सहकारी, दोन उपकरणांचे संगणक असे घ्या. दृष्टिबाधित सहकाऱ्यांना पहिल्याच तुकडीत ठेवणे फार गरजेचे आहे. त्यांचे साधन बंद पडले तर त्यांचे काम पूर्ण थांबते, आणि शेवटी कळले तर दुरुस्तीला वेळ उरत नाही.

पायलट किमान एक महिनाअखेर ओलांडेल इतका चालवा. पगारपत्रक, हजेरी, बिलांची छपाई अशी कामे तेव्हाच होतात.

जागेवरच्या अपग्रेडसाठी सेटअपला फक्त सुसंगतता तपासण्याचा पर्याय आहे, तो आधी सगळीकडे दूरस्थपणे चालवा. शेवटी सी१९००२१० हा कोड आला तर यंत्र तयार आहे, सी१९००२०८ म्हणजे एखादे सॉफ्टवेअर किंवा ड्रायव्हर आडवा आला आहे, सी१९००२०० म्हणजे यंत्र पात्रच नाही, सी१९००२०ई म्हणजे डिस्कवर जागा कमी. किमान ३० जीबी रिकामी ठेवा. अपग्रेड फसल्यावर पॅन्थर फोल्डरमधले लॉग वाचण्यापेक्षा सेटअपडायग हे कारण शोधणारे साधन चालवणे जलद पडते. जुन्या सिस्टिमवर परत जाण्याची सोय मुळात १० दिवस असते, ती डिस्म आज्ञेने ६० दिवसांपर्यंत वाढवता येते. पहिल्याच दिवशी वाढवून ठेवा, मुदत उलटल्यावर वाढवता येत नाही.

बदलाचा दिवस

वापरणाऱ्याला तीनदा कळवा: चार आठवडे, एक आठवडा आणि एक दिवस आधी. निरोप पाच ओळींचा: कधी येणार, किती वेळ लागणार, तुम्ही काय करून ठेवायचे, काय बदललेले दिसेल, अडचण आली तर कोणता फोन.

एक तंत्रज्ञ दिवसाला पाच कार्यालयीन संगणक नीट बदलतो. दहा बदलता येतात, पण मग दुसऱ्या दिवशी सहा ठिकाणी परत जावे लागते. कार्यालये आणि अध्यापक मिळून १,७०० यंत्रे, त्यांतली हजार हाताने बदलायची असतील आणि तंत्रज्ञ सहा असतील, तर दिवसाला ३० प्रमाणे ३४ दिवस. माणूस जागेवर नाही, खोलीला कुलूप, वीज गेली, यासाठी चौथा हिस्सा वाढवून ४३ धरा.

जागेवर क्रम असा. आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-एन्क्रिप्शनची) रिकव्हरी की सर्व्हरवर पोहोचली आहे का पाहा. नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन बऱ्याचदा आपोआप चालू असते आणि की कोणाकडेच नसते. फर्मवेअर अपडेट किंवा डिस्क-रूपांतर करण्याआधी बिटलॉकर तात्पुरते थांबवा, नाहीतर पुढच्या बूटला ४८ अंकी की मागितली जाते. मग डेटा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स सगळेच घेतात. राहून जातात ते डी ड्राइव्हवर मुळाशीच ठेवलेली फोल्डरे, आउटलुकच्या पीएसटी फायली, ब्राउझरमधले बुकमार्क व पासवर्ड, डिजिटल स्वाक्षरीचे प्रमाणपत्र आणि मॅप केलेले प्रिंटर. कॉपी झाल्यावर फायलींची संख्या आणि एकूण आकार दोन्हीकडे जुळवा. वापरणाऱ्याला समोर बसवून त्याची रोजची तीन कामे नव्या यंत्रावर करून दाखवायला सांगा आणि मग सही घ्या. जुनी डिस्क ३० दिवस लेबल लावून कुलपात ठेवा.

सुट्टीत महिनाभर वीज काढून ठेवलेल्या यंत्रांत मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी गेलेली असेल तर घड्याळ मागे पडते. केर्बेरॉस ही लॉगिन तपासणारी पद्धत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक सहन करत नाही, म्हणून लॉगिन नाकारले जाते आणि दोष नव्या प्रतिमेवर येतो. पाच वर्षांपेक्षा जुन्या प्रत्येक यंत्रात, झाकण उघडलेच आहे तर, ही बॅटरी बदलून टाका.

लिनक्स आणि मॅक

उबुंटूच्या एलटीएस (दीर्घ मुदतीच्या सपोर्टच्या) आवृत्त्या एकेक पायरीनेच चढता येतात: २०.०४ वरून २२.०४, मग २४.०४. दोन पायऱ्या चढण्यापेक्षा होम फोल्डर वेगळे ठेवून नवे इन्स्टॉलेशन बरे. त्यासोबत पायथन ३.८ वरून ३.१० आणि ३.१२ असे सरकते, त्यामुळे संशोधकांची व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट मोडतात. पॅकेजची यादी आधी गोठवून घ्यायला सांगा. सिक्युअर बूट चालू असताना एनव्हिडियाचा ड्रायव्हर डीकेएमएसने (ड्रायव्हर त्याच यंत्रावर बांधणाऱ्या साधनाने) बसवला तर पुढच्या बूटला नवी स्वाक्षरी-की मान्य करायला कोणीतरी कीबोर्डपाशी हवे. हे दूरवरून होत नाही. वीस जीपीयू संगणक रात्री दूरस्थपणे अपग्रेड केले तर सकाळी वीसही काळ्या पडद्यावर सापडतात.

मॅक परत घेताना यंत्र आधीच्या खात्याला बांधून ठेवणारे अ‍ॅक्टिव्हेशन लॉक आधी काढा. वापरणारा नोकरी सोडून गेल्यावर ते काढणे कष्टाचे असते. पुढचे सगळे मॅक खरेदीच्या वेळीच अ‍ॅपल स्कूल मॅनेजरमध्ये नोंदवा.

जुनी यंत्रे बाहेर काढताना

फिरती हार्डडिस्क एकदा पूर्ण ओव्हरराइट केली तरी पुरते. एसएसडीवर ती पद्धत भरवशाची नाही, कारण कंट्रोलर लिखाण वेगवेगळ्या पेशींत फिरवत असतो आणि काही भाग सॉफ्टवेअरला दिसतच नाही. तिथे सिक्युअर इरेज किंवा एनव्हीएमईची सॅनिटाइझ आज्ञा वापरा. न चालणारी डिस्क फोडा. निस्ट या अमेरिकी मानक संस्थेच्या ८००-८८ मार्गदर्शिकेत क्लिअर (साधे पुसणे), पर्ज (प्रयोगशाळेतही परत मिळू नये असे पुसणे) आणि डिस्ट्रॉय (नष्ट करणे) असे तीन स्तर दिले आहेत. परीक्षा, आरोग्य केंद्र आणि लेखा विभागाच्या डिस्क दुसऱ्या स्तराखाली जाऊ देऊ नका. मोठ्या प्रिंटरमध्येही डिस्क असते.

लॅपटॉपच्या फुगलेल्या बॅटऱ्या ढिगात टाकू नका. वाळू भरलेल्या धातूच्या डब्यात वेगळ्या ठेवा आणि लवकर बाहेर काढा. प्रत्येक डिस्कचा सीरियल क्रमांक, पुसण्याची पद्धत, तारीख आणि करणाऱ्याची सही यांची नोंद त्याच यादीत चढवा जिच्यापासून मोजणी सुरू झाली होती. त्या ओळीशेजारी नव्या यंत्राचा सीरियल क्रमांक आणि त्याच्या बदलाचे वर्ष आजच लिहा.